भूकंपासाठी नुसतं स्टील वाढवू नका: इमारतीच्या डिझाइनचा दर्जा कोणत्या क्रमाने वाढवायचा

आपल्या इमारतीचं भूकंपाचं डिझाइन कोडच्या किमान पातळीपेक्षा चांगलं व्हावं असं मालकाला वाटतं, आर्किटेक्टला वाटतं, आरसीसी कन्सल्टंटलाही वाटतं, पण बहुतेक वेळा होतं काय तर प्लॅन फायनल होतो, मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये जातं, रिझल्ट येतात आणि मग कोणीतरी म्हणतं की भूकंपाचं आहे ना, स्टील थोडं वाढवून टाका. याने दर्जा वाढत नाही. चुकीच्या जागी वाढवलेलं स्टील तर धोका वाढवतं, ते कसं ते टप्पा ५ मध्ये सांगतो.

खालचा क्रम आहे तसाच पाळा. आधीच्या टप्प्यातली चूक पुढच्या टप्प्यात दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते. हे सगळं नवीन आरसीसी इमारतींसाठी आहे, जुन्या इमारतीच्या रिट्रोफिटचा, म्हणजे ती नंतर मजबूत करण्याचा, क्रम वेगळा असतो. आकडे जिथे दिलेत तिथे मुख्यतः आयएस १८९३ (भूकंपाचं बळ काढायचा भारतीय कोड) आणि आयएस १३९२० (सळयांच्या रचनेचा भारतीय कोड) यांच्या २०१६ च्या आवृत्त्यांमधले आहेत, दुसऱ्या कोडवर काम करत असाल तर तिथले आकडे घ्या, पद्धत तीच राहते.

टप्पा १: भूकंपानंतर इमारत कशी असायला हवी ते आधी लिहा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. कोडचं मूळ उद्दिष्ट माणसं वाचवणं हे आहे, इमारत वाचवणं नाही. आयएस १८९३ मध्ये डक्टाइल डिटेलिंग केलेल्या, म्हणजे न तुटता वाकेल अशा सळयांच्या रचनेच्या, स्पेशल फ्रेमला (बीम-कॉलमच्या सांगाड्याला) आर ५ मिळतो, आर म्हणजे बळ किती पटीने कमी धरायचं तो आकडा, म्हणजे इमारत अजिबात न दुखावता उभी राहायला जेवढं बळ सोसावं लागलं असतं त्याच्या साधारण एक पंचमांश बळासाठी आपण ती डिझाइन करतो. बाकीचं सगळं इमारत तडे जाऊन, सळया ताणून, वाकून सोसते. म्हणजे नुकसान होणार हे डिझाइनमध्येच धरलेलं आहे आणि ही गोष्ट मालकाला कोणी सांगतच नाही.

२०११ साली क्राइस्टचर्चला हेच झालं. बऱ्याच आधुनिक इमारती कोसळल्या नाहीत, आतली माणसं बाहेर आली, कोडने आपलं काम केलं, पण नंतर शहराच्या मध्यभागातल्या शेकडो इमारती पाडाव्या लागल्या कारण दुरुस्ती परवडणारी किंवा खात्रीची नव्हती.

म्हणून सुरुवातीलाच मालकासोबत बसून तीन वाक्यं लिहून काढा: मध्यम धक्क्यानंतर इमारत लगेच वापरता यायला हवी का, मोठ्या धक्क्यानंतर दुरुस्त करता यायला हवी का, आणि अगदी टोकाच्या धक्क्यात कोसळता कामा नये हे तपासणार कसं. मग प्रत्येक वाक्यापुढे आकडा टाका, म्हणजे किती रिटर्न पीरियडचा (सरासरी किती वर्षांतून एकदा येणारा) भूकंप, किती ड्रिफ्ट (एक मजला खालच्या मजल्याच्या तुलनेत किती सरकतो ते), कुठलं नुकसान चालेल. हाच तुमचा डिझाइन बेसिस रिपोर्ट. दोन-तीन पानांचा पुरतो, पण प्लॅन फायनल व्हायच्या आधी त्यावर सगळ्यांच्या सह्या हव्यात.

सावधान: ४७५ वर्षांचा भूकंप म्हटलं की लोक समजतात आता ४७५ वर्षं निवांत. त्याचा अर्थ ५० वर्षांत तेवढा किंवा त्याहून मोठा धक्का बसण्याची शक्यता १० टक्के. २४७५ वर्षांचा म्हणजे ५० वर्षांत २ टक्के. मालकाशी बोलताना ही टक्केवारीच सांगा, वर्षं सांगू नका.

अजून एक चूक म्हणजे हॉस्पिटल आहे म्हणून इम्पॉर्टन्स फॅक्टर (महत्त्वाच्या इमारतीसाठी डिझाइनचं बळ वाढवणारा गुणक) १.५ घेतला आणि विषय संपवला. त्याने ताकद वाढते, हॉस्पिटल चालू राहीलच असं नाही. कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल १९७१ च्या भूकंपात इतकं मोडलं की पाडावं लागलं, नंतर पुन्हा खूप मजबूत बांधलं, १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात त्याचा सांगाडा छान टिकला पण पाण्याच्या लाइन फुटल्या आणि पेशंट बाहेर हलवावे लागले.

टप्पा २: जमिनीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत बळ काढू नका

"सॉइल टाइप मीडियम धरलाय" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबवा. १९८५ साली मेक्सिको सिटीपासून भूकंपाचं केंद्र ३५० किलोमीटरहून लांब होतं, तरी जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीवरचा भाग भयंकर हादरला, कारण त्या मातीचा पीरियड (एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ) साधारण २ सेकंद होता आणि मधल्या उंचीच्या इमारती तडे जाता जाता लवचीक होत त्याच पीरियडकडे सरकत गेल्या. ठेंगण्या कडक इमारती त्याच भागात तुलनेने वाचल्या.

रिपोर्टमध्ये या गोष्टी मागा:

१. खोलीनुसार एसपीटीचे (बोअरमध्ये ठोके मारून माती किती घट्ट आहे ते बघणाऱ्या चाचणीचे) आकडे, आणि महत्त्वाची इमारत असेल तर वरच्या ३० मीटरमधला शिअर वेव्हचा सरासरी वेग मोजून.
२. पाण्याची पातळी, आणि ती पावसाळ्यानंतरची की उन्हाळ्यातली.
३. पाण्याखाली सैल वाळू असेल तर लिक्विफॅक्शनची, म्हणजे धक्क्यात ती वाळू पातळ होऊन आधार सोडेल का याची, तपासणी. "नाही" असं उत्तर असलं तरी गणितासकट.
४. जमिनीचा अंदाजे पीरियड. तो इमारतीच्या पीरियडच्या जवळ येत असेल तर मजले किती, फ्रेम की शिअर वॉल (आडवं बळ घेणारी काँक्रीटची भिंत), हा निर्णय आत्ता बदलता येतो, नंतर नाही.

तपासा: बोअर तुमच्याच प्लॉटवर घेतलेत ना? शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट कॉपी होऊन येणं ही नवी गोष्ट नाही.

टप्पा ३: प्लॅनचा आकार इथेच भांडून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वाईट आकाराची इमारत कितीही गणित केलं तरी वाईटच वागते, आणि चांगला आकार असेल तर गणितातल्या छोट्या चुका पोटात घेते. आर्किटेक्टला भेटायचं ते प्लॅन अजून पेन्सिलीत असताना, सँक्शन झाल्यावर गेलात तर फक्त वाद होतात.

पहिला मुद्दा पार्किंगचा मजला. वर सगळ्या भिंती, खाली नुसते कॉलम, म्हणजे खालचा मजला मऊ आणि वरची इमारत एकसंध ठोकळा. धक्का बसला की सगळी हालचाल त्या एका मजल्यात गोळा होते. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये ज्या बहुमजली इमारती बसल्या त्यात अशा मोकळ्या पार्किंगवाल्या बऱ्याच होत्या. नुसते पार्किंगचे कॉलम जाड करून हा प्रश्न नीट सुटत नाही. पायापासून गच्चीपर्यंत सलग जाणाऱ्या शिअर वॉल द्या, दोन्ही दिशांना द्या, आणि लिफ्टच्या एका कोपऱ्यातच कोंबू नका नाहीतर इमारत पिळवटते.

पिळवटण्याचा मुद्दा हा दुसरा. वजनाचा मध्य आणि कडकपणाचा मध्य जवळ हवेत. रस्त्याकडच्या बाजूला नुसती काच, मागे सलग भिंत आणि जिना, असा प्लॅन असेल तर पुढची कड झोके खाते आणि तिथले कॉलम आधी जातात. एका मजल्यावर एका टोकाचं ड्रिफ्ट दुसऱ्या टोकाच्या दीडपट येत असेल तर प्लॅन परत द्या.

तिसरा, फ्लोटिंग कॉलम. खालच्या मजल्यावर हॉल मोठा हवा म्हणून कॉलम बीमवर उभा करायचा, नको म्हणजे नकोच. ज्या प्रोजेक्टचा दर्जा वाढवायचा असं ठरलंय तिथे याला सूट देऊ नका.

चौथा मुद्दा नकाशात दिसतच नाही: शॉर्ट कॉलम. कॉलमच्या दोन्ही बाजूंना खिडकीच्या उंचीपर्यंत भिंत आणि वर मोकळं, की पूर्ण उंचीचा लवचीक कॉलम अचानक अर्ध्या उंचीचा कडक कॉलम होतो, बळ ओढून घेतो आणि कातरला जातो. जिन्याच्या लँडिंगचा बीम कॉलमला मध्येच येऊन मिळतो तिथे, रॅम्पजवळ, उतारावरच्या इमारतीत आणि टॉयलेटच्या व्हेंटिलेटरच्या पट्ट्यात हे हमखास होतं. एलिव्हेशनची प्रिंट काढा आणि प्रत्येक कॉलमची खरी मोकळी उंची किती उरते ते पेनाने लिहा. जिथे कमी आहे तिथे भिंत आणि कॉलममध्ये गॅप सोडा, नाहीतर त्या कॉलमला पूर्ण उंचीभर जवळ जवळ रिंग (उभ्या सळयांभोवतीची आडवी कडी) द्या.

टप्पा ४: मॉडेल आणि ड्रिफ्ट

सॉफ्टवेअरला जे विचारतो त्याचंच उत्तर ते देतं. रन करायच्या आधी एवढं बघा: तडकलेले सेक्शन घेतलेत का (म्हणजे तडे धरून कडकपणा मूळच्या बीमला ०.३५ पट आणि कॉलमला ०.७० पट), भिंती आणि पाण्याची टाकी वजनात धरलीयेत का, जिना मॉडेलमध्ये आहे का. जिन्याचा तिरका स्लॅब ब्रेससारखा वागतो आणि आजूबाजूच्या कॉलममध्ये मोठं बळ आणतो, त्यामुळे एकतर तो मॉडेल करा किंवा त्याचं एक टोक सरकतं ठेवा.

नुसती फ्रेम मॉडेल केली की पीरियड लांब येतो आणि बळ कमी दिसतं, प्रत्यक्षात भिंतींमुळे इमारत कडक असते. कोड म्हणूनच सूत्रातल्या पीरियडच्या बळापर्यंत स्केल करायला सांगतो. हे स्केलिंग झालंय की नाही ते हाताने पडताळा.

आता ड्रिफ्ट, आणि इथे जरा थांबून आकडे बघू. आयएस १८९३ ची मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४. ३ मीटरचा मजला असेल तर १२ मिलिमीटर. लोक ११ आलं की टिक करून पुढे जातात. पण हे ११ मिलिमीटर कमी केलेल्या बळाखालचे आहेत, आर ५ घेतलाय, म्हणजे खरोखरचा डिझाइन भूकंप आला तर त्या मजल्याची हालचाल साधारण पाचपट, ५५ मिलिमीटरच्या आसपास जाते. एका मजल्यात ५५ मिलिमीटर! दाराची चौकट, काच, पार्टिशन, उभे पाइप यातलं काय एवढं सहन करतं ते स्वतःला विचारा. इमारत लगेच वापरता यायला हवी असं टप्पा १ मध्ये लिहिलं असेल तर कोडची ड्रिफ्ट मर्यादा पुरणार नाही, ती तुमच्या रिपोर्टमध्ये कमी करून लिहा आणि शिअर वॉल वाढवा. माझ्या मते दर्जा वाढवण्याचा सगळ्यात उपयोगी एकच आकडा निवडायचा तर तो हा.

तपासा: शेजारच्या इमारतीपासूनची आणि एक्सपान्शन जॉइंटमधली (एकाच इमारतीच्या दोन भागांमधली) गॅप या खऱ्या हालचालीवरून काढलीय का? ठोकताळ्याने २५ मिलिमीटर ठेवून चालत नाही.

टप्पा ५: कुठे मोडायचं ते तुम्ही ठरवा

आरसीसी फ्रेमला मोठ्या धक्क्यात कुठेतरी वाकायचंच आहे. ते बीमच्या टोकाला वाकावं, कॉलममध्ये किंवा जॉइंटमध्ये (बीम आणि कॉलम मिळतात तिथे) नाही, आणि वाकताना शिअरने (कातरणाऱ्या बळाने) तुटू नये, हा सगळा खेळ आहे. आयएस १३९२० जॉइंटवरच्या कॉलमची एकत्रित क्षमता बीमच्या १.४ पट मागतो, युरोपच्या युरोकोड ८ मध्ये हा आकडा १.३ आहे, अमेरिकेच्या एसीआय ३१८ मध्ये १.२.

आता सुरुवातीला म्हटलेला मुद्दा. समजा ड्रॉइंगमध्ये एफई ४१५ आहे, साइटवर एफई ५०० (जास्त ताकदीच्या ग्रेडचं स्टील) आलं, आणि "चांगलंच स्टील आहे की" म्हणून बीममध्ये तेवढ्याच सळया तशाच टाकल्या. बीमची वाकण्याची ताकद साधारण २० टक्क्यांनी वाढली, कॉलम तेवढाच राहिला, १.४ चं गुणोत्तर १.१६ वर आलं. शिवाय बीम आता जास्त मोमेंटला वाकणार म्हणजे त्याच्यावर येणारं शिअरही वाढलं, पण रिंग मात्र जुन्याच हिशोबाच्या. म्हणजे जास्त ताकदीचं स्टील घालून तुम्ही मोड बीममधून कॉलमकडे ढकलली. एक्स्ट्रा सळी टाकणाऱ्यांचंही हेच होतं. म्हणून ड्रॉइंगवर ठळक लिहा: बीमचं स्टील कन्सल्टंटला न विचारता वाढवायचंही नाही.

स्टील घेताना नुसता ग्रेड बघू नका, टेस्ट सर्टिफिकेटवर अल्टिमेट (तुटण्याआधीची कमाल ताकद) आणि यील्डचं (कायमचं ताणलं जायला सुरुवात होते ती ताकद) गुणोत्तर किमान १.१५ आणि एलाँगेशन (तुटेपर्यंत किती ताणली जाते ते) किमान १४.५ टक्के आहे का ते बघा. लवकर तुटणारी सळी कितीही ताकदीची असली तरी इथे उपयोगाची नाही.

डिटेलिंगमध्ये जे कायम चुकतं:

१. रिंगच्या टोकाचा हुक ९० अंशात. तो १३५ अंशात वळून आतल्या काँक्रीटमध्ये शिरला पाहिजे आणि पुढची शेपटी व्यासाच्या ६ पट, किमान ६५ मिलिमीटर. कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) उडालं की ९० अंशाची रिंग उघडते आणि कॉलमच्या सळया बाहेर फुगतात.

२. कॉलमच्या टोकांना रिंगचं अंतर. कॉलमच्या लहान बाजूचा पाव भाग, सगळ्यात बारीक उभ्या सळीच्या व्यासाच्या ६ पट आणि १०० मिलिमीटर, यातलं सगळ्यात कमी ते घ्यायचं. आणि हे जवळचं अंतर किती लांबीपर्यंत, तर कॉलमची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिलिमीटर यातलं सगळ्यात जास्त. हे कमी आणि जास्त लोक उलटसुलट करतात.

३. कॉलमचा लॅप (खालच्या आणि वरच्या सळया एकमेकींवर ठेवून जोडतात ती जागा) स्लॅबच्या लगेच वर. सोयीचं असतं म्हणून फिटर तिथेच करतो, पण नेमकी तीच जागा सगळ्यात जास्त ताणाची. लॅप उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच, आणि एका जागी निम्म्यापेक्षा जास्त सळया नाहीत. म्हणजे सळ्यांची कटिंगची लांबी आधीच बदलावी लागते, हे बार बेंडिंग शेड्यूलमध्ये यायला हवं, ओतायच्या आदल्या दिवशी सांगून जमत नाही.

४. ३०० मिलिमीटरपेक्षा बारीक कॉलम. भिंतीत लपावा म्हणून २३० चा कॉलम मागितला जातो. आयएस १३९२० मध्ये किमान ३०० किंवा त्यातून जाणाऱ्या बीमच्या सळीच्या व्यासाच्या २० पट, जे जास्त असेल ते. २० ची सळी असेल तर ४०० चा कॉलम. बारीक कॉलममध्ये ती सळी पकड सोडते.

टप्पा ६: साइटवर जॉइंट उघडा असताना बघा

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कीत ७.८ आणि ७.५ चे दोन भूकंप एकाच दिवशी आले. तिथला कोड चांगला होता तरी नवीन इमारतीसुद्धा कोसळल्या. कोड पुस्तकात असतो आणि इमारत साइटवर बनते.

साइटवर एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर बीम-कॉलम जॉइंट बघा. कॉलमच्या रिंग जॉइंटमधूनही सलग जायला हव्यात. पण होतं असं की चारी बाजूंनी बीमचे पिंजरे सेंट्रिंगवर बांधून होतात, खाली सोडले जातात, आणि मग लक्षात येतं की जॉइंटमध्ये रिंग घालायला हातच जात नाही. मग त्या राहतात. वरून बघणाऱ्याला बीमच्या वरच्या सळया दिसतात, आत पोकळ आहे हे कळत नाही. टॉर्च मारून बाजूने बघावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा: बीमचे पिंजरे सेंट्रिंगच्या वर, ठोकळ्यांवर उचलून बांधायचे, त्याच वेळी जॉइंटच्या रिंग कॉलमच्या उभ्या सळ्यांवर ओवून ठेवायच्या, आणि पिंजऱ्यासोबतच त्या खाली उतरवून जागेवर बांधायच्या. पहिल्या मजल्यावर एक जॉइंट नमुना म्हणून सगळ्यांसमोर बांधून घ्या, फिटरलाही विचारा की अडतंय कुठे, बहुतेक वेळा तोच सांगतो की सळ्यांची गर्दी जास्त आहे, व्हायब्रेटरची सुई जाणार नाही. ते खरं असेल तर कॉलम मोठा करा.

सावधान: प्रत्येक जॉइंटचा फोटो, ग्रिड नंबरसकट, ओतायच्या आधी. फोटो नाही तर काँक्रीट नाही, हा नियम काँट्रॅक्टमध्येच टाका. काँक्रीट झाल्यावर हे तपासायला सोपा मार्ग नाही.

टप्पा ७: सांगाड्याबाहेरच्या वस्तू

पॅरापेट, गच्चीवरच्या टाक्या, फॉल्स सीलिंग, स्प्रिंकलर, लिफ्टचं काउंटरवेट, जनरेटर आणि बॅटरीचे रॅक, बाहेरचं क्लॅडिंग. हे कोणाच्याच ड्रॉइंगमध्ये पूर्ण येत नाही, इलेक्ट्रिकलवाला म्हणतो स्ट्रक्चरलचं काम, स्ट्रक्चरलवाला म्हणतो व्हेंडर बघेल. डिझाइन बेसिस रिपोर्टमध्ये प्रत्येक वस्तूपुढे जबाबदार माणसाचं नाव टाका. जड वस्तूंना अँकरचं गणित मागा, रबरी पॅडवर नुसतं ठेवलेलं जनरेटर चालणार नाही. एक्सपान्शन जॉइंट ओलांडणाऱ्या पाइपला लवचीक तुकडा हवा, आणि तो टप्पा ४ मधली खरी हालचाल सहन करणारा हवा. सुटण्याच्या वाटेवरच्या दारांच्या चौकटी आणि भिंती यांच्यात गॅप ठेवा म्हणजे दार अडकणार नाही.

टप्पा ८: दुसऱ्याकडून तपासणी आणि पुढचे बदल

पीअर रिव्ह्यू दोनदा करा, एकदा टप्पा ३ नंतर आणि एकदा ड्रॉइंग साइटवर जायच्या आधी. लोक फक्त शेवटी करतात, तेव्हा तपासणाऱ्याला आकार चुकीचा दिसला तरी तो बोलून उपयोग नसतो म्हणून तो रिंगांची अंतरं मोजत बसतो. तपासणारा स्वतंत्र हवा आणि त्याने स्वतःचं साधं मॉडेल करून बेस शिअर (पायाशी येणारं एकूण आडवं बळ) आणि पीरियड जुळवावा, तुमच्याच फाइलवरून नजर फिरवणं म्हणजे रिव्ह्यू नाही.

बांधकाम चालू असताना होणारा प्रत्येक बदल कन्सल्टंटकडे लेखी जायला हवा, यात भिंत हलवणं आणि वीटऐवजी दुसरा ब्लॉक वापरणंही आलं, कारण दोन्हीने वजन आणि कडकपणा बदलतो.

ताबा देताना मालकाला एक फाइल द्या: डिझाइन बेसिस रिपोर्ट, प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे ड्रॉइंग, जॉइंटचे फोटो, आणि एक पान साध्या भाषेत, ज्यात कुठल्या भिंती आणि कॉलमला हात लावायचा नाही, कुठल्या गॅप सिमेंटने भरायच्या नाहीत आणि गच्चीवर किती वजन चालेल ते लिहिलंय. ते पान लिफ्टच्या मशीन रूममध्ये किंवा मीटर रूममध्ये फ्रेम करून लावा, रिनोव्हेशनवाला काँट्रॅक्टर फाइल मागत नाही पण भिंतीवर लावलेलं वाचतो.